जुन्या लॅपटॉपवर लिनक्स : आधी कामे हलवा, मग प्रणाली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीच्या घरी २०१६ साली घेतलेला लॅपटॉप आहे, त्यात सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आहे. विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ या यंत्रावर बसत नाही. तुम्ही गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार असल्यामुळे मेंटेनन्सची बिले, जमाखर्च आणि मराठीतल्या सूचना याच लॅपटॉपवर होतात, शिवाय मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी मोफत संगणक प्रणाली, घ्यावे का, कोणते घ्यावे आणि विंडोज ठेवावे की पुसावे, हे तुम्ही विचारले आहे. ठाण्यात अनेक वर्षे शेजाऱ्यांच्या आणि संस्थांच्या कार्यालयांतल्या अशाच यंत्रांवर लिनक्स बसवून देत आलो असल्याने सविस्तर लिहितो.

घाई करण्याचे कारण नाही, हे आधी सांगतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला हे खरे, परंतु घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अद्ययावतांची सोय केली आहे आणि तीत नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मिळते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात लागते आणि इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे चालतात, म्हणून तुमचे यंत्र त्यात बसत नाही. याचा अर्थ ते निकामी झाले असा मात्र होत नाही. एवढ्या क्षमतेच्या यंत्रावर लिनक्स उत्तम चालते आणि ते भंगारात देणे मला अजिबात पटत नाही.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बहुतेक जण ‘कोणते लिनक्स?’ या प्रश्नापासून सुरुवात करतात, आणि नव्या प्रणालीवर पहिल्याच दिवशी नवा ब्राउझर, नवे ऑफिस, नवा टंकलेखनाचा मार्ग अशा सगळ्या गोष्टी एकदम अंगावर येतात. मग बिल छापायचे राहते, घरचे वैतागतात आणि दोष प्रणालीला लागतो. म्हणून क्रम उलटा करा. आज जे विंडोज चालू आहे त्याच्यावरच लिब्रेऑफिस (ऑफिसच्या कामांसाठी), फायरफॉक्स (ब्राउझर), व्हीएलसी (व्हिडिओसाठी) आणि गरज असेल तर गिम्प (चित्रांसाठी) बसवा आणि एक पूर्ण महिना, म्हणजे बिलांचे एक चक्र संपेपर्यंत, सगळी कामे यांच्यावरच करा. हीच सॉफ्टवेअरे लिनक्सवरही जशीच्या तशी मिळतात. महिनाभराने तुम्ही प्रणाली बदलाल तेव्हा खाली काय चालले आहे ते बदलेल, पण तुमच्या हाताला सवयीची असलेली खिडकी तीच राहील.

या महिन्यात संस्थेच्या एक्सेल फायली लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडून नीट तपासा. बेरजा, टक्केवारी, एका पानावरून दुसऱ्या पानावर ओढलेले आकडे आणि थकबाकीवरच्या व्याजाची सूत्रे सहसा व्यवस्थित येतात. कुणी मॅक्रो, म्हणजे कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली, लिहून बिले तयार करण्याची सोय केलेली असेल, तर तिथे मात्र थांबा, कारण एक्सेलचे मॅक्रो कॅल्कमध्ये काही चालतात आणि काही चालत नाहीत. कॅलिब्री आणि केंब्रिया हे फॉन्ट लिनक्सवर नसतात, त्यांच्या जागी त्याच मापाचे कार्लिटो आणि कॅलाडिया वापरले जातात, त्यामुळे पानाची मांडणी फारशी हलत नाही. लेखापरीक्षकांना फाइल पाठवताना एक्सेलच्या स्वरूपात जतन करून पाठवावी आणि सभासदांना बिले पीडीएफमध्ये द्यावीत. मात्र संस्थेचे हिशेब टॅलीत असतील, तर ते विंडोजचेच सॉफ्टवेअर आहे हे लक्षात घेऊन त्या कामासाठी विंडोजचे यंत्र हाताशी ठेवावे. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन वापरत असाल, तर त्याचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, पुरवठादाराकडे आहे का, हे आधी विचारून घ्या. टोकन मिळाल्यावर ही चौकशी करायला कुणालाच आठवत नाही आणि विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी धावपळ होते.

कोणते लिनक्स, यावर मी फार वेळ घालवणार नाही. लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी तुमच्यासाठी लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्या. तिची २२ वी मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अद्ययावते मिळणार आहेत. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, अशी मांडणी असल्यामुळे विंडोजवरून येणाऱ्याला चाचपडावे लागत नाही. सी-डॅकची, म्हणजे जिचे एक केंद्र तुमच्याजवळ खारघरला आहे त्या सरकारी संगणक संशोधन संस्थेची, बॉस ही डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणाली आहे आणि भारतीय भाषांसाठी तिने केलेल्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही घरातल्या पहिल्या लिनक्ससाठी मी मिंट सुचवतो, कारण अडचण आली की तिचे उत्तर शोधताच सापडते, आणि नवख्या माणसाला याच गोष्टीची सर्वाधिक गरज असते.

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण प्रणाली एकत्र बांधलेली फाइल, सुमारे ३ जीबीची आहे. ती अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी आणि फाइल अस्सल आहे हे ओळखण्यासाठी तिथे दिलेल्या एसएचए-२५६ या खुणेशी ताडून पाहावी. २०१६ च्या फेब्रुवारीत मिंटच्याच संकेतस्थळावर हल्ला होऊन काही काळ तिथून बनावट फाइलकडे पाठवणारा दुवा दिला जात होता, त्यामुळे हा पडताळा शास्त्रापुरता उरकू नये. फाइल ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, एचर किंवा रूफस या सॉफ्टवेअरने लिहावी लागते आणि त्यात पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. मग लॅपटॉप सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, जी कळ तुमच्या कंपनीने ठेवली असेल ती दाबून पेन ड्राइव्ह निवडा. हार्ड डिस्कला हात न लावता पूर्ण मिंट समोर उघडेल. त्याचा वेग पाहून मत बनवू नका, पेन ड्राइव्ह मंदच असतो.

या चाचणीत काय पाहायचे? वायफाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का. वायफाय लागले नाही, तर फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरा आणि मेनूतला ड्रायव्हर मॅनेजर उघडा, बऱ्याचदा हवा असलेला ड्रायव्हर तिथेच सुचवलेला असतो. त्यानंतर मराठीकडे वळा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळरचना, आहे. रोमन अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे टाइप करण्याची सवय असेल, तर आयबस हे टंकलेखनाचे सॉफ्टवेअर आणि त्याचे एम१७एन हे पॅकेज घ्यावे लागते. मांडणी जोडली की ‘नमस्कार’ लिहून समाधान मानू नका. पावसाळ्यात लावावी लागते तीच सूचना लिहून पाहा : ‘दुसऱ्या मजल्यावरील गळतीबाबत सभासदांनी कार्यालयात अर्ज द्यावा.’ या एका वाक्यात ‘ऱ्या’, ‘ळ’, ‘र्ज’ आणि ‘द्या’ हे सगळे येऊन जाते. इन्स्क्रिप्टमध्ये ‘ऱ्या’साठी शिफ्टसह जे, मग डी, मग य आणि काना असा क्रम आहे, साध्या र ने तो र डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘ॲड्रेस’ आणि ‘ऑडिट’ हे शब्दही लिहून पाहा आणि ते पान पीडीएफ करून फोनवर उघडा. तिथेही अक्षरे शाबूत दिसली म्हणजे मराठीची चिंता मिटली.

संस्थेच्या जुन्या सूचना युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील, तर त्या उघडल्यावर इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसेल. हा दोष लिनक्सचा नाही. तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही विंडोज यंत्रावर तेच दिसते. ज्या मसुद्यांची पुन्हा गरज पडते तेवढे परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घाला.

विंडोज ठेवावे की पुसावे, याला तुमच्या बाबतीत या दोहोंपेक्षा चांगला मार्ग आहे. वाशीला किंवा ठाणे स्टेशनच्या परिसरात संगणकाच्या कोणत्याही दुकानातून २.५ इंची साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घ्या, २५६ जीबीची पुरते. जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी ती बसवून घ्या. विंडोज आणि तुमच्या सगळ्या फायली त्या काढलेल्या डिस्कवर जशाच्या तशा राहतील आणि काही बिनसले तर तीच डिस्क परत लावून तुम्ही तासाभरात पूर्ववत कामाला लागाल. मिंट बसवताना ‘डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय छाती धडधडू न देता निवडता येतो, कारण यंत्रात दुसरी डिस्कच नसते. शिवाय फिरत्या डिस्कवरून एसएसडीवर आल्याने यंत्राला जो वेग येतो, तो कोणतीही प्रणाली बदलून येत नाही. डिस्क काढण्यापूर्वी विंडोज बंद करताना शिफ्ट कळ दाबून ठेवा, म्हणजे ते अर्धवट झोपी न जाता पूर्ण बंद होईल, नाहीतर पुढे ती डिस्क यूएसबी डबीतून लिनक्सला जोडल्यावर तिच्यावर लिहिता येत नाही, फक्त वाचता येते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन, चालू असेल तर ते उघडण्याचा सांकेतिक क्रमांक (रिकव्हरी की) आधी कागदावर उतरवून घ्या. आणि संस्थेच्या फायलींची एक वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच.

एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली ठेवता येतात, पण पहिल्या वेळी मी तो सल्ला देत नाही. विभाजन करताना चूक झाली तर विंडोजसह फायली जातात. किरकोळ कटकटीही असतात. उदाहरणार्थ, लिनक्स यंत्रातले घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजते, म्हणून आपल्याकडे विंडोजमध्ये घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलेले दिसते. यावर उपाय आहे, पण ज्याला कारण माहीत नाही तो घाबरतो.

बसवणे अर्ध्या तासाचे काम आहे. मल्टिमीडिया कोडेक, म्हणजे गाणी आणि व्हिडिओ चालवणारे घटक, या पर्यायावर खूण करा आणि लक्षात राहील असा पासवर्ड ठेवा. पहिल्या दिवशी टाइमशिफ्ट उघडून प्रणालीची प्रत घ्यायला लावा, म्हणजे एखादे अद्ययावत बिघडवून गेले तर मागे जाता येते. टाइमशिफ्ट तुमच्या कागदपत्रांची प्रत घेत नाही, ती तुम्हालाच ठेवावी लागते. सॉफ्टवेअर हवे असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या. अनोळखी संकेतस्थळावरच्या आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, चिकटवण्याची सवय सुरुवातीलाच लागू देऊ नका.

मुलीला याचा फायदाच होईल. जीसीसी, पायथन, ऑक्टेव्ह, सायलॅब ही प्रोग्रामिंगची आणि गणिताची साधने इथे सहज मिळतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे पाठ मराठीतही आहेत आणि तुम्ही दोघांनी मिळून ते पाहावेत असे मी सुचवेन. ऑटोकॅड मात्र लिनक्सवर नाही आणि काही ऑनलाइन परीक्षांची सॉफ्टवेअरे फक्त विंडोज किंवा मॅकवर चालतात, म्हणून तिच्या महाविद्यालयाची यादी आधी मागवून घ्या. त्यासाठीही ती काढलेली डिस्क उपयोगी पडेल.

राहिला प्रिंटर. त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही, आणि बिले छापणाऱ्या माणसाला तोच सर्वांत आधी अडवतो. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना लिनक्सचा आधार चांगला आहे आणि नेटवर्कवरचे नवे प्रिंटर बहुधा आपोआप सापडतात. कॅननचे कॅप्ट या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीवर चालणारे जुने लेझर प्रिंटर, जे आपल्याकडे संस्थांच्या कार्यालयांत सर्रास दिसतात, त्यांना वेगळा ड्रायव्हर मिळवून बसवावा लागतो आणि ते काम नवख्याने एकट्याने करू नये. प्रिंटरच्या मागच्या पट्टीवरचे मॉडेल कळवा, एसएसडी विकत घेण्यापूर्वी ते पाहून घेऊ.