एकाच मोठ्या शहराचे रस्ते आणि माणसं वर्षानुवर्षं टिपायची असतील तर सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की नुकताच कॅमेरा घेतलाय आणि पुढची वीस-तीस वर्षं आपल्याच शहराचे फोटो काढत राहायचंय. मी १९८९ पासून नोकरी सांभाळून हेच करतोय. सल्ला देण्यापेक्षा माझं काय चुकलं ते सांगतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी फार जवळ जायचो. आमच्या बसथांब्यामागे एक घड्याळजी बसायचे. डोळ्याला भिंग, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग, श्वास रोखलेला. मी त्यांचा चेहरा फ्रेमभर घेतला आणि मोठ्या तोऱ्यात प्रिंट नेऊन दिली. त्यांनी ती नीट पाहिली आणि म्हणाले, "झकास आहे, पण यात माझं दुकान कुठंय?" मला तेव्हा हसू आलं. आता ती टपरी नाही, हाताने रंगवलेली पाटी नाही, काचेमागे टांगलेली वेगवेगळ्या वेळा दाखवणारी घड्याळं नाहीत. यातल्या एकाचाही फोटो माझ्याकडे नाही. आहे तो फक्त चेहरा, आणि तो कुठल्याही शहरातला असू शकतो.

म्हणून दोन पावलं मागे सरा. मागचं सगळं धूसर करायची हौस या कामात घरी ठेवा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (म्हणजे ज्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा असतो) ३५ मिमीची लेन्स, अपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/८ वर, फोकस ३ मीटरवर, एवढं केलं की साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. फोकस शोधत बसावं लागत नाही, माणूसही सावध होत नाही आणि पाटी, पोस्टर, चपला, बसचा नंबर हे सगळं आपोआप सापडतं. वीस वर्षांनी लोक तेच बघतात. मी मुलीच्या हसण्यासाठी काढलेला एक फोटो आहे. आता जो तो तिच्यामागची सार्वजनिक फोनची रांग बघतो.

पॅरिसमध्ये अत्जे नावाच्या माणसाने जवळपास तीस वर्षं जड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा वाहत दुकानं, जिने, दारं, फेरीवाले टिपले. या कामाला तो कला म्हणत नसे. चित्रकारांना लागणारे दस्तऐवज म्हणून विकायचा. १९२७ मध्ये तो गेला आणि बेरेनिस अॅबट या छायाचित्रकार बाईंनी त्याचा उरलेला संग्रह विकत घेतला, म्हणून तो वाचला.

चार-पाच कोपरे पक्के करा आणि दरवर्षी त्याच जागी, त्याच लेन्सने उभे राहा. कंटाळा येतो. पाच-सहा वर्षं काहीच बदललेलं दिसत नाही. येऊ द्या कंटाळा.

तारीख लिहा. मी पहिली सहा वर्षं लिहिली नाही. आता भिंतीवरची सिनेमाची पोस्टरं बघून सालाचा अंदाज बांधत बसतो. डिजिटलमध्ये हे होणार नाही असं वाटलं होतं, पण एकदा बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली, कॅमेऱ्याचं घड्याळ मागे गेलं आणि अख्ख्या पावसाळ्याच्या फोटोंवर १ जानेवारीपासूनच्या तारखा पडल्या! आणि निवडायला वेळ काढा. रस्त्यांवरचे फोटो काढणारा अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये गेला तेव्हा त्याचे फिल्मचे सुमारे २,५०० रोल न धुतलेलेच होते. फोनमुळे आपण सगळेच त्या वाटेवर आहोत.

माणसांचं म्हणाल तर, कुणी हातानं नको म्हटलं की कॅमेरा खाली. वाद घालू नका, कायद्यानं परवानगी असली तरी. रस्त्यावर झोपलेल्यांचे आणि रडणाऱ्यांचे फोटो मी काढत नाही. इतरांचं मत वेगळं असेल. प्रिंट देतो म्हटलंत तर द्याच, कारण त्याच रस्त्यावर तुम्हाला पुन्हा जायचंय.

राहिलं जपणं. माझ्या नव्वदच्या दशकातल्या रंगीत निगेटिव्हचे रंग उतरलेत, नीट धुतलेल्या कृष्णधवल अजून ठणठणीत आहेत. स्वस्त प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवलेल्या काही पट्ट्या दमट हवेत चिकटून गेल्या त्या गेल्याच. पॉलिप्रॉपिलीन या निगेटिव्हला न बाधणाऱ्या प्लास्टिकची पाकिटं घ्या, डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा. डिजिटल फाइलींच्या दोन प्रती, दुसरी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. माझी बहिणीकडे असते, कपाटात, तिच्या साड्यांखाली.