मुंगसातला ‘गूस’ आणि टर्कीचा ‘हिंदी’

या वेळच्या शब्दशंकांमध्ये प्राणी-पक्ष्यांच्या नावांनी बाजी मारली आहे. मुंगसाबद्दल एकापेक्षा जास्त पत्रं आहेत, म्हणून तिथे जरा सविस्तर लिहितो.

इंग्रजीतला ‘मंगूस’ आपल्या मुंगसावरूनच गेला, असं मुलीच्या शाळेत सांगितलं. खरं आहे का? आणि ‘गूस’चं अनेकवचन ‘गीज’ होतं, तसं ‘मंगूस’चं ‘मंगीज’ का होत नाही?
— एक वाचक, सातारा

खरं आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. ‘मंगूस’मधला ‘गूस’ हा पाण्यात पोहणारा गूस नव्हे. आपल्या शब्दाचं शेपूट इंग्रजांच्या कानाला ओळखीचं वाटलं आणि त्यांनी स्पेलिंग तसं करून टाकलं, एवढंच. म्हणून अनेकवचन साधं ‘मंगूसेस’. ‘मंगीज’ क्वचित कुणी लिहितं, पण गमतीनं किंवा चुकून.

आता मुळाकडे. संस्कृतात या प्राण्याला नकुल म्हणतात. त्याचं प्राकृतात ‘णउल’ झालं आणि पुढे हिंदीत नेवला, गुजरातीत नोळियो. मराठीत मात्र नकुल उरला तो पांडवांत आणि ‘अहिनकुल’ वैरात. शेताच्या बांधावरून सुळकन जातं ते मुंगूस, आणि ‘नकुल’ कितीही झिजवला तरी त्याचं मुंगूस होत नाही. त्यासाठी दक्षिणेकडे पाहायला हवं. कानडीत मुंगुसि, तेलुगूत मुंगिस, तमिळमध्ये मूंगा. शब्द द्राविडी आहे आणि शेजारच्या भाषांतून तो मराठीत आला आहे.

मग इंग्रजांनी तो कानडीतून, तेलुगूतून की मराठीतून घेतला? इथे ‘गू’कडे बारकाईनं पाहा. तेलुगूत त्या जागी ‘गि’ आहे, कानडीत ऱ्हस्व ‘गु’ आणि शेवटी ‘सि’. मराठीत अकारान्त शब्दाच्या उपान्त्य अक्षरातला उकार दीर्घ होतो, म्हणून आपण ‘मुंगूस’ म्हणतो. सामान्यरूपात तो दीर्घ उकार गळतो: मुंगसाला, मुंगसाने. इंग्रजी कानानं टिपलेला दीर्घ ‘गूस’ आपल्याच रूपाशी जुळतो. जागाही जुळते. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात सुरत, मुंबई, जुन्नर, कारवार या पट्ट्यात फिरला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापलं गेलं आणि त्यात हा शब्द आहे. फेरेटसारखा (फेरेट म्हणजे युरोपात पाळतात तो लांबुडका छोटा प्राणी), अशी ओळख तो करून देतो.

एक चकवाही आहे. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात मुंगूस येतं. ग्रंथ गोव्याचा म्हणून नावही कोकणी-मराठी असेल, असं वाटतं. पण तिथे नावं आहेत ‘किल’ आणि ‘किर्पेले’, म्हणजे तमिळ कीरि आणि कीरिप्पिळ्ळै. कारण ऑर्ता सांगतो ती गोष्ट श्रीलंकेतली आहे: नागाशी झुंजताना मुंगूस एक मुळी चावतं आणि विषातून वाचतं. ग्रंथ जिथे छापला, शब्द तिथलाच असतो असं नाही. (मुळीची गोष्ट इतकी पसरली की लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञानं १७५३ मध्ये एका वनस्पतीला ‘ओफिओऱ्हायझा मुंगोस’ असं नाव दिलं. मुंगूस वाचतं ते चपळाईमुळे आणि त्याच्या स्नायूंवरच्या ग्राहींची (विष जिथे चिकटतं त्या जागांची) रचना अशी असते की नागाचं चेताविष त्यांना नीट चिकटत नाही, त्यामुळे. माणसाला साप चावला तर मुळी उगाळत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं.)

शास्त्रीय नावांत आणखी गोंधळ. ‘मुंगोस’ ही प्रजाती आहे, पण तिच्यात भारतातलं एकही मुंगूस नाही. ती आफ्रिकेतल्या पट्टेरी मुंगसांची. आपल्याकडचं राखाडी मुंगूस परवापर्यंत ‘हर्पेस्टेस एडवर्ड्सी’ होतं. ग्रीकमध्ये हर्पेस्टेस म्हणजे सरपटणारा. आता ते ‘उर्वा एडवर्ड्सी’ झालं आहे, आणि ‘उर्वा’ हे खेकडे खाणाऱ्या मुंगसाचं नेपाळमधलं नाव. आणि उडदाच्या ‘व्हिग्ना मुंगो’ या नावाचा मुंगसाशी संबंध जोडू नका. तो ‘मुंगो’ म्हणजे मूग, आणि तोही चुकीच्या डाळीला चिकटला आहे.

राहिला खरा ‘गूस’. त्याचं आपल्याशी नातं आहे, पण मुंगसामार्फत नाही. गूस आणि हंस हे एकाच मूळ शब्दाचे वंशज. संस्कृतातल्या काही ‘ह’च्या जागी जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यातल्या, भाषांत ‘ग’ येतो. संस्कृत ‘ह्यः’ म्हणजे काल, जर्मनमध्ये ‘गेस्टर्न’. तसंच हंस आणि जर्मन ‘गान्स’. इंग्रजीत ‘स’च्या आधीचा ‘न’ गळला, स्वर लांबला आणि ‘गूस’ झालं. म्हणजे जिथे नातं डोळ्यांना दिसतं तिथे ते नाही, आणि जिथे दिसत नाही तिथे आहे.

टर्की पक्ष्याचा तुर्कस्तानाशी काय संबंध? तिथे त्याला काय म्हणतात?
— एक वाचक, फोंडा

तिथे त्याला म्हणतात ‘हिंदी’! म्हणजे भारतातला.

पक्षी मुळात ना तिथला ना इथला. मेक्सिकोत तो माणसाळला आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश जहाजांतून युरोपात आला. त्याआधी तुर्की व्यापाराच्या वाटेनं येणाऱ्या आफ्रिकेतल्या गिनी फाउलला इंग्रज ‘टर्की’ कोंबडी म्हणत. नवा पक्षी साधारण तसाच दिसला, नाव त्याच्यावर गेलं. दुसरा गोंधळ कोलंबसच्या काळचा. अमेरिका हे ‘इंडीज’, त्यामुळे तिथला पक्षी ‘इंडियाचा’. फ्रेंच ‘दँद’ म्हणजे ‘द ईंद’, इंडियाचा. डच लोकांनी तर शहरच ठरवून टाकलं. त्यांचा ‘काल्कून’ कालिकतवरून आला, म्हणजे आजच्या कोळिकोडवरून. अरबी लोक त्याला ‘दीक रूमी’ म्हणजे रूमचा (पूर्व रोमन साम्राज्याच्या मुलखाचा) कोंबडा म्हणतात, मलयमध्ये तो डचांचा कोंबडा आहे आणि पोर्तुगीजमध्ये ‘पेरू’. प्रत्येकानं तो दुसऱ्याच्या अंगणात ढकलला. मेक्सिकोचं नाव मात्र यातल्या कुणीच घेतलं नाही.

गोव्याचा त्यात हात आहेच. १६१२ मध्ये मुकर्रब खान या मुघल सरदारानं गोव्याहून जहांगीरसाठी काही नवलाईचे प्राणी-पक्षी आणले, त्यात एक टर्की होता. बादशहानं आठवणींत त्याचं वर्णन केलं. डोक्या-गळ्याचे रंग बदलतात, हे त्यानं अचूक टिपलं आहे. या प्राण्यांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती, असंही तो नोंदवतो. मन्सूर या चित्रकाराच्या नावावर असलेलं त्याचं चित्र आजही पाहायला मिळतं.

जाता जाता: आपण खातो त्या पेरूचं नाव पोर्तुगीज ‘पेरा’वरून आलं असं मानतात. पेरा म्हणजे नासपती. पक्ष्याचा ‘पेरू’ वेगळा, फळाचा वेगळा.

आमच्याकडे उसात बिबट्या दिसला तरी म्हातारी माणसं ‘चित्ता आला’ म्हणतात. चूक कुणाची?
— एक वाचक, जुन्नर

कुणाचीच नाही. ‘चित्ता’ संस्कृत ‘चित्र’वरून आला, अर्थ ठिपकेदार. अंगावर ठिपके असलेल्या कुठल्याही मोठ्या मांजराला तो लागू पडतो. हिंदी ‘चीता’ इंग्रजीत जाऊन त्याचा ‘चीता’ झाला आणि एकाच प्राण्यापुरता पक्का झाला. आता मराठी वर्तमानपत्रंही तोच नेमका अर्थ घेतात. ओळख सोपी आहे. चित्त्याचे ठिपके भरीव काळे असतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते. बिबट्याच्या अंगावर पाकळ्यांसारखी कडी असतात, मधे पिवळट. उसात दिसतो तो बिबट्याच. भारतातला चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये नामिबियाहून आणलेले मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले. बिबट्याच्या ‘द्वीपिन्’ या संस्कृत नावातही ठिपकेच आहेत: ज्याच्या अंगावर बेटं आहेत तो.

‘फॉक्स’ म्हणजे कोल्हा, ‘जॅकल’ म्हणजेही कोल्हा? शिकवताना पंचाईत होते.
— एक शिक्षिका, परभणी

कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्सला मराठीत खोकड हा स्वतंत्र शब्द आहे आणि माळरानाकडच्या लोकांना तो ठाऊक असतो. कोल्हा आठ-दहा किलोचा, पाय लांब, रात्री कोल्हेकुई करणारा. खोकड दोन-तीन किलोचं, कान मोठे, शेपूट झुपकेदार आणि अंगाच्या निम्म्याहून लांब.

गोंधळ भाषांतरामुळे झाला. इसापच्या गोष्टीतला फॉक्स मराठीत येताना कोल्हा झाला, म्हणून ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही मात्र अस्सल इथली म्हण. काकडीच्या वाड्यात शिरणारा आपला कोल्हाच. वर्गात या दोन म्हणी शेजारी-शेजारी लिहिल्या की फरक मुलांच्या लगेच लक्षात येतो.

‘जॅकल’चं गोत्र आणखी मजेदार. संस्कृत शृगाल, फारसी शगाल, तुर्की चकाल, फ्रेंच शकाल, मग इंग्रजी जॅकल. शृगालाचाच हिंदी सियार झाला. मराठी कोल्हा या घराण्यातला नाही. प्राकृतात ‘कोल्हुअ’ आहे, आपला शब्द त्या वळणाचा. म्हणजे संस्कृत नाव इंग्लंडपर्यंत पोचलं, पण रोजच्या मराठीत मात्र ते नाही.

मोबाइलवर रोज ‘हा इंग्रजी शब्द मूळ मराठी’ असे संदेश येतात. घरच्या घरी कसं तपासायचं?
— एक वाचक, चिंचवड

एक उदाहरण घेऊन करू या. ‘बँडिकूट’ हा शब्द घ्या, म्हणजे आपली घूस.

पहिलं, नुसता आवाज जुळवू नका. ‘बंडी’ आणि ‘कूट’ अशी फोड करून कुणीही मराठी अर्थ बसवेल. ज्या प्राण्याचं नाव आहे त्याला आसपासच्या पाच-सहा भाषांत काय म्हणतात ते एका कागदावर लिहा. मराठी घूस. हिंदीतही घूस (तिथे त्याचा अर्थ लाचही होतो). तेलुगूत पंदिकोक्कु. इथेच अर्धं काम होतं.

दुसरं, नावाची फोड त्या भाषेत अर्थपूर्ण आहे का ते पाहा. तेलुगूत पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कु म्हणजे उंदीर-घूस. डुकरासारखी जमीन उकरणारी, गुरगुरणारी घूस. प्रत्येक तुकड्याला अर्थ आहे आणि तो प्राण्याला लागू पडतो.

तिसरं, प्रत्येक बदललेल्या आवाजाचा हिशेब द्या. ‘प’चा ‘ब’ झाला. शेवटचा ‘उ’ गळला आणि ‘कोक्कु’च्या जागी ‘कूट’ आलं. ‘ट’ मागाहून चिकटलेला आहे. उसन्या शब्दांत असं होतं. पण एकाच शब्दात दोनाहून जास्त अक्षरं ‘अशीच’ बदलली म्हणावं लागलं, तर ती व्युत्पत्ती बाजूला ठेवा.

चौथं, सर्वांत जुनी लेखी नोंद कधीची आणि कुठली ते पाहा. बहुतेक संदेश इथेच फसतात. उसना घेणाऱ्या भाषेतली नोंद त्या दोन समाजांची गाठ पडण्याआधीची असेल, तर गोष्ट संपली.

साधनं फुकट आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७), टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश, बरो आणि एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश आणि १८८६ मध्ये प्रथम निघालेला, भारतातल्या इंग्रजीत रुळलेल्या शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोश हे चारही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मोल्सवर्थमध्ये शब्द सापडला नाही, तर लगेच ‘नाही’ म्हणू नका. तिथलं लेखन जुनं आहे. ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहा, आणि नपुंसकलिंगी शब्दावर अनुस्वार देऊन पाहा: पाखरूं, केळें. टर्नरमध्ये नोंदी संस्कृत किंवा कल्पित मूळ रूपाखाली असतात, म्हणून मराठी शब्द रोमन लिपीत घालून पूर्ण मजकुरात शोधावा. तिथे नसेल, तर मगच द्राविडी कोशाकडे वळा. मुंगूस तिथेच भेटतं.

बँडिकूटची एक पुरवणी. हे नाव इंग्रजांबरोबर ऑस्ट्रेलियात गेलं आणि तिथल्या लांब नाकाच्या, पोटाला पिशवी असणाऱ्या एका प्राण्याला लागलं. त्याचा घुशीशी काडीचाही संबंध नाही. त्यामुळे ‘बँडिकूट वाचवा’ असं आवाहन दिसलं, तर ते आपल्या गटारातल्या घुशीसाठी नसतं.