मक्याच्या शेतातली थडगी

अमेरिकेत दक्षिण इंडियानातून जाताना मक्याच्या शेताच्या मधोमध कुंपणात पाच-सहा थडगी दिसली, बहुतेक एकाच आडनावाची, जवळपास चर्च नाही की गाव नाही, मग ती तिथे आली कुठून, असं तुम्ही विचारलंय.

ती त्या घरची दफनभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगल तोडून वसलेल्यांना जवळ चर्च नसायचं. माणूस गेलं की घराजवळच्याच, पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर पुरायचं. पुढे शेत विकताना खरेदीखतात तेवढा तुकडा पुष्कळदा वगळलेला असायचा.

पण पाच-सहा दगड म्हणजे पाच-सहाच माणसं, असं धरू नका. त्याच भागातल्या स्पेन्सर काउंटीतलं (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) अब्राहम लिंकनचं कुटुंब बघा. हे कुटुंब १८१६ च्या हिवाळ्यात तिथे आलं. १८१८ मध्ये दुधातून होणाऱ्या आजाराची साथ आली. गाई रानातली 'व्हाइट स्नेकरूट' ही विषारी वनस्पती खायच्या आणि तिचं विष दुधात उतरायचं. कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी अब्राहमच्या आईची, म्हणजे नॅन्सी लिंकनची, मावशी आणि त्या मावशीचा नवरा गेले, मग ५ ऑक्टोबरला नॅन्सी. अब्राहम तेव्हा ९ वर्षांचा. वडील सुतार, पेटी घरीच झाली. टेकडीवर पुरलं, पण नाव कोरलेला दगड नाही! आजचा दगड १८७९ चा, पीटर स्टुडबेकर या घोडागाड्यांच्या कारखानदाराने बसवलेला, तोही अंदाजाने ठरवलेल्या जागी. त्यावर वय ३५ कोरलंय; जन्म १७८४ चा धरला तर ३४ च पूर्ण होतात. अब्राहमची बहीण सारा १८२८ मध्ये बाळंतपणात गेली, ती मात्र चर्चच्या दफनभूमीत आहे. दहा वर्षांत तिथे चर्च उभं राहिलं होतं.

म्हणून पुन्हा जाल तेव्हा कोरलेल्या दगडांपेक्षा गवतात बघा. रोवलेले ओबडधोबड दगड जोडीने दिसले, तर एक डोक्याशी, एक पायाशी. दोघांत अंतर कमी असेल तर ते बहुधा मूल. आपल्या सदाफुलीच्या कुळातली निळ्या फुलांची व्हिंका पसरलेली असेल तर ती कुणीतरी मुद्दाम लावलेली. काही दगडांवर जन्मतारीख नसते, फक्त वय वर्षं-महिने-दिवसांत. मागे मोजत जायचं.

अक्षरं दिसावीत म्हणून ब्लीच किंवा तारेचा ब्रश अजिबात नको, जुना संगमरवर साखरेसारखा झडतो. पाणी आणि मऊ ब्रश पुरे. शेतमालकाला आधी विचारा आणि जा नोव्हेंबरात. मका निघालेला असतो, गवत बसलेलं असतं, तिरप्या उन्हात पुसट नावंही उठून दिसतात.