दोन ताऱ्यांभोवती एक महाकाय ग्रह

प्रश्न : आकाशातील अनेक तारे जोडीने किंवा गटाने राहतात, असे वाचले आहे. अशा ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत एखादा मोठा ग्रह टिकू शकतो का? तसा ग्रह कोणी प्रत्यक्ष पाहिला आहे का?

उत्तर : टिकू शकतो, आणि अशा एका ग्रहाचे थेट छायाचित्रही घेतले गेले आहे. नरतुरंग तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे ३२५ प्रकाशवर्षे दूर, ‘बी सेंटॉरी’ हा जोडतारा आहे. याच समूहातील कितीतरी अधिक ठळक अशा बीटा सेंटॉरीशी मात्र त्याची गल्लत करू नये. या जोडीभोवती गुरूच्या जवळपास ११ पट वस्तुमानाचा ग्रह फिरत असल्याचे स्टॉकहोम विद्यापीठाच्या मार्कुस यान्सन यांच्या गटाने डिसेंबर २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जाहीर केले.

ओढाताणीची आपली शंका रास्त आहे. ग्रह ताऱ्यांच्या फार जवळ असेल, तर त्याची कक्षा सतत विस्कटत जाऊन तो एखाद्या ताऱ्यावर आदळतो किंवा बाहेर फेकला जातो. परंतु ताऱ्यांच्या आपसांतील अंतराच्या काही पट दूर गेल्यावर दोघांचे आकर्षण जवळजवळ एकाच वस्तूचे असल्यासारखे जाणवते आणि ग्रह त्यांच्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती स्थिरपणे फिरू शकतो. बी सेंटॉरीचे दोन्ही तारे एकमेकांच्या अगदी निकट आहेत, तर त्यांचा ग्रह पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ५६० पट दूर आहे. आपला नेपच्यून ३० पट अंतरावर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या कक्षेचा विस्तार ध्यानात येईल. एका प्रदक्षिणेला त्याला काही हजार वर्षे लागतात.

माझ्या मते, या शोधाचे खरे महत्त्व ताऱ्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या वस्तुमानात आहे. या जोडीचे एकत्रित वस्तुमान सूर्याच्या किमान सहापट असून तिच्यातील मुख्य तारा सूर्याच्या तिपटीहून अधिक तप्त आहे. त्यापूर्वी सूर्याच्या तिपटीहून जास्त वस्तुमानाच्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडलेले नव्हते, आणि त्यामागे सबळ कारणही दिसत होते : असे तारे अतिनील व क्ष-किरणांचा जो मारा करतात, त्याने भोवतालच्या, ज्यातून ग्रह घडतात त्या वायू-धुळीच्या चकतीतील वायू लवकर उडून जातो आणि खडकाळ गाभा हळूहळू वाढवून त्यावर वायू साठवण्याइतका अवधी ग्रहाला मिळत नाही. इतक्या दूरच्या कक्षेत तर ही क्रिया आणखीच मंद असते. म्हणून चकतीचा एखादा भाग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने झपाट्याने आकुंचन पावून हा ग्रह घडला असावा, अशी शक्यता संशोधकांनी मांडली आहे. विशेष म्हणजे ग्रह आणि ताऱ्यांची जोडी यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर गुरू आणि सूर्य यांच्या गुणोत्तराच्या जवळपास आहे. मला ही गोष्ट अतिशय विचारप्रवर्तक वाटते, कारण एरवी या ग्रहमालेचे आपल्या सूर्यमालेशी काहीच साम्य नाही.

ग्रह दिसला कसा, तेही सांगायला हवे. चिलीतील ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’वरील ‘स्फिअर’ या उपकरणात ताऱ्यांचा झगमगाट झाकून टाकण्याची सोय आहे. ही ग्रहमाला अवघी दीड कोटी वर्षे वयाची असल्याने ग्रह अजून जन्मकाळच्या उष्णतेने तापलेला आहे आणि अवरक्त प्रकाशात उजळ दिसतो. तो ठिपका मागे दूरवर असलेला एखादा तारा तर नाही ना, याची खात्री करण्यासाठी २०१९ आणि २०२१ मधील छायाचित्रे ताडून पाहिली, तेव्हा तो बी सेंटॉरीबरोबरच आकाशात सरकत असल्याचे दिसले. पुढे असेही आढळले की २००० साली दुसऱ्या दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रातही हा ठिपका उमटला होता. त्या वेळी तो ग्रह म्हणून ओळखला गेला नव्हता. जुनी निरीक्षणे जपून ठेवण्याचे मोल यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसते.

ग्रह साध्या डोळ्यांना दिसणे शक्य नाही. त्याचा जोडतारा मात्र चौथ्या प्रतीचा, म्हणजे काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका तेजस्वी आहे. त्यामुळे मे-जूनमध्ये रात्री, शहराच्या उजेडापासून दूर गेल्यास, महाराष्ट्रातून दक्षिण आकाशात तारानकाशाच्या मदतीने तो शोधता येईल.