वाचकांचे प्रश्न : हॉफस्टॅटर कोठून वाचावेत?

प्रश्न : बेळगावात जुन्या पुस्तकांच्या ढिगात अमेरिकन इतिहासकार रिचर्ड हॉफस्टॅटर यांचे ‘द एज ऑफ रिफॉर्म’ मिळाले. अमेरिकेतील शेतकरी चळवळीविषयीचा त्यातला सूर मला खटकला. आमच्या घरी तंबाखूचे पीक होते आणि १९८१ चे निपाणीचे आंदोलन मी जवळून पाहिले आहे. म्हणून तसे वाटले असेल, की पुस्तकच जुने झाले आहे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपल्याला जे खटकले ते अमेरिकेतल्या अभ्यासकांनाही खटकले होते. हे पुस्तक १९५५ चे. पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९५९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेचे इतिहासकार सी. व्हॅन वुडवर्ड यांनी पॉप्युलिस्ट (म्हणजे १८९० च्या दशकातील शेतकरी पक्षाच्या) शेतकऱ्यांची बाजू घेणारा निबंध लिहिला. हॉफस्टॅटर यांचे म्हणणे असे, की अमेरिकन शेतकरी एव्हाना बाजारासाठी पिकवणारा, जमिनीच्या वाढत्या किमतीवर नजर ठेवणारा धंदेवाईक झाला होता, पण स्वतःकडे मात्र भाबडा, स्वावलंबी कुणबी म्हणूनच पाहत होता. त्यामुळे भाव कोसळले की त्याला सावकारांचा कट दिसू लागे. यात तथ्य अगदीच नाही असे नाही. परंतु पुरावा कोठून आणला ते पाहावे. शेतकऱ्यांच्या दप्तरांपेक्षा विल्यम हार्वे यांची चांदीच्या नाण्यांवरची पुस्तिका आणि इग्नेशियस डॉनेली यांची कादंबरी, अशा छापील मजकुरावर त्यांची भिस्त अधिक आहे. शिवाय न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकवणाऱ्या या लेखकासमोर तेव्हा मॅकार्थींचा, म्हणजे जागोजागी कम्युनिस्ट हुडकण्याचा काळ होता, आणि जमावाविषयीची ती धास्ती साठ वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांवर काही अंशी लादली गेली, असे मला वाटते.

प्रत्यक्षात गाऱ्हाणे रोकडे होते. दक्षिणेतला कापूसवाला शेतकरी पुढचे पीक दुकानदाराकडे गहाण टाकून त्याच्याच दुकानातून बियाणे, पीठ, कापड उचलत असे. त्या दुकानात रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा, पहिल्यापेक्षा बराच चढा असे. हंगाम सरला तरी वहीतली बाकी सरत नसे. ज्याने वखारीत तंबाखूचे वजन होताना काट्यावरून नजर हलवली नाही, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. १८९२ मध्ये ओमाहा येथे या शेतकऱ्यांच्या पक्षाने जो जाहीरनामा काढला, त्यात रेल्वेची मालकी सरकारकडे असावी, उत्पन्नाप्रमाणे चढता कर असावा आणि सिनेटर थेट मतदानाने निवडले जावेत, अशा मागण्या होत्या. त्याच वर्षी त्यांच्या उमेदवाराला दहा लाखांहून अधिक मते पडली. प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवड या दोन्ही गोष्टी १९१३ मध्ये घटनादुरुस्तीने आल्याच. (‘पॉप्युलिस्ट’ हे मुळात या पक्षाचे नाव, आज वृत्तपत्रांत ती शिवी झाली आहे.)

तरीही हॉफस्टॅटर सोडू नयेत. सुरुवात १९४८ च्या ‘द अमेरिकन पोलिटिकल ट्रॅडिशन’पासून करावी. त्यातील लिंकन यांच्यावरचे प्रकरण, गरिबीतून स्वतःच्या बळावर वर आलेल्या माणसाची दंतकथा लिंकन यांनी स्वतःच कशी जोपासली हे दाखवणारे, एका बैठकीत वाचून होते. त्यानंतर ‘द एज ऑफ रिफॉर्म’ पुन्हा हातात घ्यावे आणि वुडवर्ड यांचा निबंध सोबत ठेवावा.

प्रश्न : याच लेखकाच्या ‘द पॅरानॉइड स्टाइल इन अमेरिकन पॉलिटिक्स’मध्ये मानसिक विकाराची चर्चा आहे का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही. मूळ निबंध नोव्हेंबर १९६४ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात, म्हणजे गोल्डवॉटर आणि जॉन्सन यांच्यातील अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या महिन्यातच, छापला गेला. ‘पॅरानॉइड’ (संशयाने पछाडलेला) हा शब्द आपण वैद्यकीय अर्थाने वापरत नाही, हे त्यांनी आरंभीच स्पष्ट केले आहे. चारचौघांसारखी माणसे सर्वत्र कटच पाहणारी भाषा राजकारणात कशी वापरतात, एवढाच त्यांचा विषय.