नवशिक्यांसाठी: सोपाऱ्यापासून सुरुवात करा

मुंबईचा प्राचीन वारसा बघायचाय म्हणताय, उत्तम! पण एका रविवारी घारापुरी, कान्हेरी आणि जोगेश्वरी अशी तिन्ही लेणी बघायचं काही ठरवू नका. पायांचे तुकडे पडतील आणि डोक्यात फक्त खांब उरतील.

माझं ऐकाल तर आधी नालासोपारा. हेच जुनं शूर्पारक बंदर. इथल्या स्तूपाला गावात 'बुरुड राजाचा कोट' म्हणतात. पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये तो खणला, तेव्हा आत धातूच्या आठ बुद्धमूर्ती आणि पवित्र अवशेषांचा करंडा सापडला. आज तिथे विटांचा उंचवटा दिसतो, बस. "एवढंच?" असं वाटेल. म्हणून लगेच पुढच्या आठवड्यात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सोपाऱ्याला मिळालेला अशोकाचा शिलालेख तिथे आहे.

मग कान्हेरी, निवांत. सोपारा, कल्याणच्या दात्यांची नावं तिथल्या शिलालेखांत आहेत. बंदराचा पैसा डोंगरात कुठे गेला ते कळतं. लेण्यांइतकंच पाण्याच्या टाक्यांकडे बघा, बहुतेक जण नुसते ओलांडून जातात.

नेहमीच्या चुका:
- अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल फासणं. अजिबात नको! तिरपा उजेड पुरतो.
- प्रत्येक लेणं पांडवांच्या नावावर टाकणं.
- सोमवारी जाणं. कान्हेरी, घारापुरी दोन्ही बंद असतात.

या शिलालेखांची ब्राह्मी लिपी आत्ताच शिकायला घेऊ नका. आधी चार ठिकाणं डोळ्यांखालून जाऊ देत.