अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या रायटिंग सेंटरमध्ये बसणारे ट्यूटर नक्की कोण असतात? मराठी माध्यमातून आलेल्याने तिथे जावं का?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये एमएसला निघताय, शाळा मराठी माध्यमाची, इंजिनिअरिंगला इंग्रजी कसंबसं निभावलं. विद्यापीठाच्या ईमेलमध्ये 'रायटिंग सेंटर' (म्हणजे विद्यार्थ्यांना लिखाणात मदत करणारं विद्यापीठाचं केंद्र) हा शब्द दिसला आणि दोन प्रश्न पडले: तिथली माणसं आपलं इंग्रजी बघून हसतील का, आणि ती आपला पेपर दुरुस्त करून देतात का. दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्या 'नाही'बद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तिथेच अनेकांचा विरस होतो आणि ते पुन्हा फिरकत नाहीत.

मी मूळची सांगलीची, दहावीपर्यंत मराठी माध्यमातच शिकले. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका सरकारी विद्यापीठात समाजशास्त्रात पीएचडी करताना पाच वर्षं रायटिंग सेंटरमध्ये ट्यूटर होते. आता अशाच एका केंद्रात पूर्णवेळ काम करते. पण तिथली पायरी मी पहिल्यांदा चढले ती मदत मागायला. पहिल्याच सत्रात एका प्राध्यापकांनी माझ्या पेपरवर 'रायटिंग सेंटरला जा' एवढाच शेरा मारला होता. तो कागद घेऊन ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर गेले तेव्हा शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावल्यासारखं पोटात गोळा आला होता. समोर बसली होती जीवशास्त्र शिकणारी वीसेक वर्षांची मुलगी. तिने पेपर हातात घेतलाच नाही. म्हणाली, "मला या विषयातलं काही कळत नाही, तू समजावून सांग." मी बोलत राहिले, ती मध्येमध्ये विचारत राहिली, आणि अर्ध्या तासाने माझं मलाच उमगलं की मला जे म्हणायचं होतं ते सातव्या पानावर, एका परिच्छेदाच्या शेवटी दडून बसलंय.

तर ही माणसं अशी असतात. बहुतेक ठिकाणी विद्यार्थीच. काही पदवीचे, काही एमए-पीएचडीचे, आणि मोठ्या केंद्रांत काही पगारी तज्ज्ञ. सगळे इंग्रजी साहित्याचेच असतात असं नाही. माझ्याबरोबर संगणकशास्त्राचा, नर्सिंगचा, संगीताचा विद्यार्थी होता. निवड होताना स्वतःचं लिखाण द्यावं लागतं, मुलाखत होते, आमच्याकडे एक लुटुपुटूचं सेशनही घ्यायला लावत. मग प्रशिक्षण. कित्येक ठिकाणी त्यासाठी सत्रभराचा रीतसर कोर्स असतो. मानधन तासावर, आणि ते फार नसतं.

विद्यार्थ्यांनाच का बसवतात, याला एक इतिहास आहे. १९७० साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या शाळा पूर्ण केलेल्या सगळ्यांना प्रवेश खुला केला. कामगारांची, स्थलांतरितांची, कृष्णवर्णीयांची, पोर्तो रिकोहून आलेल्यांची मुलं मोठ्या संख्येने आली. अनेकांच्या घरात याआधी कॉलेजात कुणी गेलंच नव्हतं. लिहिताना ही मुलं अडायची. मदतीला तज्ज्ञ नेमले तर मुलं तिकडे जाईनात, कारण ते पुन्हा वर्गात बसल्यासारखंच वाटायचं. ब्रुकलिन कॉलेजातल्या केनेथ ब्रुफी यांनी मग मुलांच्या बरोबरीच्या मुलांनाच तयार करायचं ठरवलं. त्याच विद्यापीठाच्या सिटी कॉलेजात मिना शॉनेसी यांनी अशा मुलांचे सुमारे ४००० निबंध बारकाईने वाचले आणि १९७७ साली पुस्तकातून दाखवून दिलं की चुका आळसाने किंवा मठ्ठपणाने होत नाहीत, प्रत्येक चुकीमागे लिहिणाऱ्याचं काहीतरी तर्कशास्त्र असतं.

हे वाचलं तेव्हा मला आपलीच मुलं आठवली. इंग्रजीत नुसतं 'डिस्कस' पुरतं, तरी आपण 'डिस्कस अबाउट' का लिहितो? कारण मराठीत आपण एखाद्या विषयाबद्दल चर्चा करतो. तो 'बद्दल' आपल्याबरोबर इंग्रजीत येतो. इंग्रजीतला 'द' (the) कुठे लावायचा ते कळत नाही, कारण आपल्या भाषेत त्याच्या जागी बसणारा शब्दच नाही. यात लाजण्यासारखं काय आहे? ज्याने हे एकदा समजून घेतलं तो ट्यूटर तुमच्यावर हसूच शकत नाही.

आता दुरुस्तीचं. अपॉइंटमेंट घेताना फॉर्ममध्ये 'कशात मदत हवी?' असा रकाना असतो. तिथे जवळजवळ सगळे एकच लिहितात: 'ग्रामर आणि फ्लो'. अमेरिकन मुलंसुद्धा. 'फ्लो' म्हणजे काय विचारलं तर कुणालाच नीट सांगता येत नाही. खोदत गेलं की खाली वेगळंच निघतं. मुद्दाच ठरलेला नसतो, किंवा असाइनमेंटमध्ये तुलना करायला सांगितलेली असते आणि मुलाने दोन गोष्टींची वेगवेगळी माहिती दिलेली असते. म्हणून ट्यूटर आधी प्रश्न वाचतो, मग तुम्हाला तुमचं लिखाण मोठ्याने वाचायला सांगतो किंवा स्वतः वाचतो. मोठ्याने वाचताना जीभ जिथे अडखळते तिथे बऱ्याचदा विचारही अडखळलेला असतो. व्याकरण शेवटी. जो परिच्छेद उद्या काढूनच टाकायचाय त्यातले स्वल्पविराम सुधारून काय उपयोग?

स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ साली एका निबंधात हे ठासून मांडलं की केंद्राने घडवायचा तो लिहिणारा, त्याच्या हातातला कागद नव्हे. आम्हाला प्रशिक्षणात हेच शिकवलं: शेजारी बसा, समोर नको. कागद विद्यार्थ्याच्या पुढ्यात, पेन त्याच्या हातात. हे का, ते मला पहिल्याच महिन्यात कळलं. एक अबोल मुलगा आला, उद्या पेपर द्यायचा होता, मला दया आली आणि मीच पेन घेऊन पानं सुधारून दिली. तो मनापासून आभार मानून गेला. पुढच्या आठवड्यात आला, खुर्ची ओढून बसला आणि काही न बोलता पेन माझ्या हातात ठेवलं. पेपर नवा होता, चुका त्याच होत्या. मी त्याचे सात दिवस वाया घालवले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

तरीही हा नियम आंधळेपणाने पाळणारे ट्यूटर मला पटत नाहीत. लहानपणापासून इंग्रजी कानावर पडलेल्या मुलाला "हे वाक्य तुला कसं वाटतं?" असं विचारून चालतं, त्याचा कान त्याला सांगतो. सांगलीहून किंवा शांघायहून आलेल्या मुलाला 'द' हवा की नको हे प्रश्न विचारून कसं काढून घेणार? जे त्याच्याकडे नाहीच ते त्याला सरळ सांगावं. मी एक परिच्छेद घेते, वारंवार येणारी एकच चूक दाखवते, नियम सांगते, आणि पुढच्या परिच्छेदात ती त्याला शोधायला लावते. एका वेळी एक, फार तर दोन. तुम्हाला असा ट्यूटर भेटला जो फक्त प्रश्नच विचारतोय, तर खुशाल म्हणा, "मला हे माहीत नाही, मला सांग." तो तुमचा हक्क आहे.

एका सेशनबद्दल सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून. चाळिशीच्या पुढची एक बाई, दोन मुलांची आई, तिथलीच, इंग्रजी हीच तिची भाषा. रक्तदाबाच्या गोळ्या लोक नियमित का घेत नाहीत यावर पेपर होता. पाच पानं, आणि प्रत्येक वाक्य कुणा ना कुणाचं उद्धृत केलेलं. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की तिचे वडील गोळी सुरीने अर्धी कापायचे, महिन्याचं पाकीट दोन महिने पुरावं म्हणून, आणि डॉक्टरांना सांगायचे की रोज घेतो. ती बोलत होती ते मी तिच्याच शब्दांत कोऱ्या कागदावर उतरवून घेतलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिने विचारलं, "हे लिहिलेलं चालतं?" तिच्या कोर्सच्या सूचना आम्ही पुन्हा उघडून वाचल्या. अनुभवातून सुरुवात करायला परवानगी होती. मग औषधांचा खर्च हाच तिचा मुद्दा झाला आणि ती पाच पानांतली उद्धरणं आपापल्या जागी बसायला लागली.

दुसरा आपल्याकडचा, नांदेडचा, सिव्हिलमध्ये एमएस करणारा. प्राध्यापकांनी त्याला वाङ्मयचोरीबद्दल ईमेल केला होता. बसल्याबसल्या मराठीत म्हणाला, "ताई, मी चोरी नाही केली हो. खाली संदर्भ दिलेत ना सगळे." दिले होते, पण वाक्यं जशीच्या तशी उचललेली. मला त्याचा राग आला नाही. आपल्याकडे शाळेत 'पावसाळ्यातील एक दिवस' गाईडमधून पाठ करून उतरवला की चांगले गुण मिळतात, आणि इंजिनिअरिंगला चार वर्षं प्रयोगांची जर्नल दुसऱ्याची बघून छापायची असतात; छापण्यात गैर आहे असं त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी त्याला लॅपटॉप मिटायला लावला. "या पेपरमध्ये त्यांनी काय केलंय, मराठीत सांग." पुलाच्या गर्डरला (आडव्या तुळईला) तडा गेलाय का हे कंपनांवरून ओळखायची पद्धत होती ती. सांगता सांगता तो म्हणाला, "पण यांनी लॅबमध्ये छोटा गर्डर घेतलाय. खऱ्या पुलावर वाऱ्याने, ट्रकने पण कंपन होतं, ते यांनी धरलेलंच नाही." हे वाक्य त्याच्या पेपरात कुठेही नव्हतं. आम्ही ते आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत. इंग्रजी ओबडधोबड होतं, पण पहिल्यांदाच त्याचं स्वतःचं होतं. प्राध्यापकांनी त्याला पुन्हा लिहायची संधी दिली.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आल्यापासून अगदी गुळगुळीत इंग्रजी घेऊन येणारी मुलं वाढलीत. व्याकरणाची चूक एक नसते. पण दुसऱ्या परिच्छेदात काय म्हटलंय ते विचारलं की मुलगा स्क्रीनकडे बघतो. मला त्यांची काळजी वाटते, कारण अडखळायची आणि तिथेच थांबून विचार करायची जागाच त्यांच्या हातून जाते.

आता तुमच्या कामाचं. सेवेसाठी सहसा वेगळे पैसे पडत नाहीत, तुमच्या फीमध्येच ती धरलेली असते. डेडलाइनच्या चार-पाच दिवस आधीची वेळ घ्या. आदल्या रात्री गेलात तर ट्यूटर काही करू शकत नाही आणि दोघंही हताश होता. असाइनमेंटच्या सूचना आणि प्राध्यापकांचे शेरे बरोबर ठेवा. किती गुण मिळतील हे विचारू नका, ते सांगायची त्यांना मुभा नसते. एखाद्याशी सूर जुळला तर पुढच्या वेळी त्याचंच नाव निवडा. मधल्या काळात संदर्भ कसे द्यायचे वगैरे अडलं तर पर्ड्यू विद्यापीठाच्या रायटिंग लॅबची 'आऊल' वेबसाइट बघा, १९९४ पासून ती सगळ्यांना फुकट खुली आहे.

आणि वर्ष-दीड वर्षाने तिथेच ट्यूटर व्हायला अर्ज करा. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. इंग्रजी परकं असल्यामुळे आपल्याला कुणी घेणार नाही असं समजू नका. 'द' का लावायचा हे मला नियमाने शिकावं लागलं, म्हणून मला ते समजावता येतं. माझे अमेरिकन सहकारी अशा वेळी विद्यार्थ्याला माझ्या टेबलाकडे पाठवायचे.

पहिल्या वेळेला काहीच लिहून झालं नसेल तरी जा. नुसती असाइनमेंट घेऊन बसा आणि सांगा की सुरुवात कुठून करू ते कळत नाही. अशी सेशन्स मला सगळ्यात जास्त आवडतात.